तारा कमी करू की रिम बदलू?

प्रश्न : माझी सायकल फिक्स्ड गिअर (फिक्सी) आहे, म्हणजे चाक फिरतं तोवर पेडलही फिरतंच. पुढे ४६ दाते, मागे १६. माझं वजन ८२ किलो. रोजचं जाणं-येणं १८ किलोमीटर, सुटीच्या दिवशी त्याहून बरंच जास्त. चाकांच्या रिमा ४२ मिलिमीटर उंच, अ‍ॅल्युमिनियमच्या. दोन्ही चाकांना प्रत्येकी ३२ साध्या तारा, म्हणजे स्पोक. चाकं खोलून तराजूवर ठेवली. एक रिम ६२० ग्रॅम, टायर ३८०, ट्यूब १३०. सिग्नलला थांबून परत निघताना चिखलातून गाडी ओढल्यासारखं वाटतं. पुढे २० आणि मागे २४ तारांची चाकं भरून घ्यायचा विचार आहे. तुम्ही भरून द्याल का?

उत्तर : नाही. पुढचं एक वेळ देईन, मागचं नाही. पण पत्र फार आवडलं. चाकं जड आहेत म्हणणारे रोज भेटतात. टायर-ट्यूब उतरवून एकेक वस्तू तराजूवर ठेवणारे वर्षातून दोन.

तेव्हा तुमच्याच आकड्यांवर बोलू. टोकापासून टोकापर्यंत २ मिलिमीटर जाडीची साधी तार साधारण ७ ग्रॅमची असते. मागच्या चाकाच्या ८ तारा कमी केल्या की ५६ ग्रॅम वाचले, वर त्यांचे आठ पितळी निपल, म्हणजे तार रिमला धरून ठेवणाऱ्या आट्यांच्या टोप्या, एकेक ग्रॅमचे. झाले ६४. आता दुसरा रस्ता बघा. तारा ३२ च ठेवा, पण टोकांना २ आणि मध्ये दीड मिलिमीटर अशा घ्या. त्याच लांबीची ही तार साडेचार ग्रॅमच्या आसपास भरते. ३२ तारांवर ८० ग्रॅम वाचले. म्हणजे एकही तार न काढता तुमच्या बेतापेक्षा जास्त बचत, आणि चाक आहे तेवढंच भक्कम.

खरं तर जास्तच भक्कम. तार ओढली जाऊन तुटत नाही, ती शिणून तुटते. चाकाचा जो भाग रस्त्यावर येतो तिथली तार क्षणभर सैल पडते, पुढे गेली की पुन्हा ताठ होते. प्रत्येक फेरीला हे एकदा. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याच्या, भोकाशी जिथे ती वाकलेली असते तिथे हा सगळा मार साठतो, आणि एक दिवस तिथूनच ती जाते. मध्ये बारीक असलेली तार त्याच ताणाला थोडी जास्त लांबते, त्यामुळे चाक दबलं तरी पूर्ण सैल पडत नाही, आणि वाकणावरचा त्रास मधला भाग वाटून घेतो. वजनाच्या खटाटोपात हलकं आणि टिकाऊ हे दोन्ही एकाच वस्तूत मिळण्याचे प्रसंग फार थोडे. हा त्यातला एक.

आता रिम. ६२० ग्रॅमची रिम तुम्ही दिसण्यासाठी घेतली असणार, आणि त्यात काही गैर नाही. मीही घेतली होती. तिच्याऐवजी बुटकी, दुहेरी भिंतीची, ४४० ग्रॅमच्या आसपासची रिम घ्या. एका चाकामागे १८० ग्रॅम गेले. मात्र रिम बुटकी झाली की तार इंचभर लांब लागते. म्हणजे जुन्या तारा वापरता येणार नाहीत, आणि नव्या तारांच्या बचतीतले पंधराएक ग्रॅम परत जातील. रिम निवडताना तिच्या कडेला ब्रेक घासायची पट्टी कापून सपाट केलेली आहे ना, हे पाहा. खास ट्रॅकसाठीच्या काही रिमांना ती नसते. तुमच्या पत्रात ब्रेकचा उल्लेख नाही. पुढचा ब्रेक नसेल तर आधी तो बसवा, चाकांचं नंतर पाहू.

टायर आणि ट्यूबबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, आणि सगळ्यात सोपी बचत तिथेच आहे. ३८० ग्रॅमचा टायर म्हणजे कडेला लोखंडी तार असलेला. घडी होणारा, त्याच रुंदीचा चांगला टायर २६० पर्यंत मिळतो. ट्यूब पातळ ब्यूटाइलची, म्हणजे नेहमीच्याच रबराची पण पातळ, घेतलीत तर ७५. या दोन्हींत मिळून १७५ ग्रॅम, चाकाची एकही तार न हलवता, अर्ध्या तासात.

एका चाकामागे रिमचे १८०, टायर-ट्यूबचे १७५, तारांचे ६५. एकूण ४२०. दोन्ही चाकांचे ८४०. हे वजन जवळजवळ सगळं कडेला आहे. वेग घेताना कडेचं वजन दुप्पट मोजायचं, कारण ते पुढेही जायला हवं आणि गोलही फिरायला हवं. म्हणजे सिग्नलवर तुम्हाला साधारण दीड किलो कमी झाल्यासारखं होईल. एकदा वेग धरला की ही दुप्पट संपली, आणि चढावर ते इतर कुठल्याही ८४० ग्रॅमइतकंच. तुम्ही आणि सायकल मिळून ९० किलोच्या पुढे आहात. त्यात दीड किलो म्हणजे दोन टक्केही नाहीत. पायाला कळेल, घड्याळाला फारसं कळणार नाही. हे आधी सांगितलेलं बरं, कारण नवी चाकं लावून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी विचारतो की वेग का वाढला नाही.

मागच्या चाकाला २४ तारा का नको, ते राहिलं. गिअरची सायकल चालवणारा खड्डा दिसला की पाय थांबवतो, पेडल आडवे धरतो, सीटवरून उठतो आणि सायकल खालून जाऊ देतो. तुमचे पाय थांबत नाहीत. खड्ड्याच्या क्षणी पेडल कुठेही असू शकतं, बऱ्याचदा तुम्ही सीटवरच असता, आणि सगळा दणका मागचं चाक खातं. शिवाय वेग कमी करायला तुम्ही उलट जोर लावता. ज्या तारा एरवी ढकलण्याचं ओझं घेतात त्या सैल होतात आणि त्यांच्या समोरच्या ओढल्या जातात. गिअरच्या सायकलच्या मागच्या चाकाला साखळीकडून असा उलटा हिसका आयुष्यात कधी बसत नाही. आणि २४ तारांवर ८२ किलो पेलायचं तर रिम ताठ हवी. ताठ म्हणजे जड. वाचवलेले ६४ ग्रॅम रिम परत मागून घेते.

फिक्सीच्या बाजूने एक गोष्ट आहे. मागे सात-आठ चकत्यांचा गठ्ठा नसल्यामुळे हबच्या दोन्ही कडा मध्यापासून जवळजवळ सारख्या अंतरावर असतात. दोन्हीकडच्या तारा एकाच लांबीच्या, एकाच ताणाच्या. म्हणून ३२ तारांचं फिक्सीचं चाक गिअरच्या ३२ तारांच्या चाकापेक्षा जास्त सोसतं. तुम्ही ६० किलोचे असता तर मागे २८ दिल्या असत्या. पुढे तुम्हालाही २८ पुरतील. पण तुमचे हब ३२ भोकांचे आहेत, आणि चार तारांच्या बावीस-चोवीस ग्रॅमसाठी नवा हब घेणं मला पटत नाही. तेच हब ठेवा. हबचं वजन मध्यावर असतं. तिथले ग्रॅम फक्त तराजूला दिसतात.

तारा जास्त म्हणजे कमीपणा, असं वाटत असेल तर जपानच्या केरिनकडे, म्हणजे तिथल्या ट्रॅकवरच्या सायकल शर्यतींकडे, पाहा. या शर्यती १९४८ पासून चालू आहेत. त्यांवर पैजा लागतात, म्हणून सायकलच्या भागांवर मंजुरीचा ‘एनजेएस’ हा शिक्का लागतो. ज्यांच्या मांड्या आपल्या कमरेएवढ्या आहेत अशी माणसं तिथे स्टीलच्या सायकलींवर शेवटची धाव घेतात. त्यांच्या चाकांना ३६ तारा असतात.

शेवटी टायरबद्दल एक. हलका टायर स्किडला, म्हणजे पायांनी मागचं चाक अडवून घसरत थांबण्याला, लवकर संपतो. स्किड मारताना क्रँक (पेडलचा दांडा) दरवेळी त्याच जागी थांबतो, त्यामुळे टायर ठरावीक जागीच घासतो. त्या जागा किती, हे दात्यांच्या अपूर्णांकावरून कळतं. ४६ भागिले १६ म्हणजे संक्षेप करून २३ भागिले ८. खालचा आकडा ८, म्हणून आठ जागा. वरचा आकडा विषम आहे, म्हणून दोन्ही पाय आलटून पालटून पुढे ठेवलेत तर सोळा. तुमचं बरं चाललंय. ४८ आणि १६ वाल्यांचं ३ भागिले १ होतं: एकच जागा, आणि नवा टायर बघता बघता तिथे कापडापर्यंत जातो. मागे १७ दाते केलेत तर १७ ही मूळ संख्या असल्यामुळे थेट सतरा जागा मिळतात. स्किडची हौस असेल तर हलका टायर पुढे लावा आणि मागे जाड.

प्रश्न : मी ट्रॅकवर सराव करते. प्रशिक्षकांनी मागे तारांऐवजी सपाट तबकडीचं, बंद डिस्क चाक लावायला सांगितलं आहे. ते माझ्या तारांच्या चाकापेक्षा उघडच जड आहे. मग हलक्या चाकासाठी एवढी धडपड केली ती फुकट का?

उत्तर : फुकट नाही, पण तुमचे प्रशिक्षक बरोबर आहेत. ट्रॅकवर चढ नाही, सिग्नल नाही. एकदा वेग धरला की अडवते ती हवा. बेल्जियमच्या एडी मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर कापण्याचा विक्रम केला, तो अतिशय हलकी सायकल बनवून घेऊन. तो अकरा वर्षं टिकला. जानेवारी १९८४ मध्ये इटलीचा फ्रान्चेस्को मोझर त्याच शहरात डिस्क चाकं घेऊन उतरला आणि ५०.८०८ केले. चार दिवसांनी पुन्हा उतरून ५१.१५१. श्रेय सगळं चाकांचं नव्हे, पण तेव्हापासून ट्रॅकवर वजनाचा नंबर हवेच्या मागे गेला.

उभ्या जागेवरून सुरू होणाऱ्या छोट्या शर्यतीत, पहिल्या अर्ध्या फेरीत, तुमचं हलकं चाक कामाला येईल. आणि उघड्या मैदानातल्या ट्रॅकवर वाऱ्याच्या दिवशी पुढे डिस्क लावू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. हँडल हातात राहत नाही.

प्रश्न : आयुष्यातलं पहिलं चाक स्वतः भरलं. तारा २-१.५-२ अशा. स्टँडवर आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, पूर्ण निघाला, अर्धा मिलिमीटरही नाही. सायकलवर लावून दहा पावलं गेलो तर टिंग टिंग आवाज, आणि परत येऊन पाहिलं तर चाक पुन्हा आऊट. रिम खराब आहे का?

उत्तर : रिम चांगली आहे. तुम्ही तारा पिळून ठेवल्या होत्या.

दीड मिलिमीटरची तार फार सहज पिळते. तुम्ही निपल पाव फेरा फिरवता तेव्हा आटे सरकण्याऐवजी आधी तारच निपलबरोबर वळते. तुम्हाला वाटतं पाव फेरा घट्ट झालं; प्रत्यक्षात तार पिळून बसलेली असते. चाकावर वजन आलं, खालच्या तारा क्षणभर सैल पडल्या, की पीळ सुटतो. तोच टिंग आवाज. आणि पीळ सुटला की निपल मागे फिरल्यासारखा होतो, आऊट परत येतो.

उपाय साधा आहे. कागदी चिकटपट्टीचे छोटे तुकडे घ्या आणि चार-पाच तारांना झेंड्यासारखे लावा, झेंडा रिमच्या रेषेत. पान्हा फिरवताना झेंड्याकडे बघा. तो वळला म्हणजे तार पिळली. मग पाव फेऱ्याऐवजी जरा पुढे जायचं आणि झेंडा सरळ होईपर्यंत मागे यायचं. पहिल्या चाकाला हे सगळ्या तारांना करताना कंटाळा येतो. तिसऱ्या चाकाला बोटांनाच कळतं, झेंडा लागत नाही. निपलचे आटे भरायच्या आधी तेलात बुडवले होते का? कोरड्या आट्यांवर पीळ जास्त बसतो.

दर वेळी आऊट काढून झाला की दोन्ही हातांनी समांतर जाणाऱ्या तारांच्या जोड्या मुठीत धरून जोरात आवळा. पूर्ण चाकभर. हातमोजे घाला, नाहीतर दुसऱ्या दिवशी चहाचा कप धरता येत नाही. यात पीळही सुटतो आणि वाकणं हबच्या भोकात नीट बसतात. मग पुन्हा आऊट बघा. आवळल्यावर काहीच हललं नाही असं झालं, की चाक तयार. तारांच्या आट्यांना इंचात ५६ फेरे असतात, म्हणजे निपलचा एक पूर्ण फेरा तारेला अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी ओढतो. तेव्हा शेवटी शेवटी पाव फेराही जास्त होतो.

ताण किती, तर मापकावर १०० ते ११० किलो चालेल, रिमवाल्यांनी कमी सांगितला नसेल तर. मापक नसेल तर एका बाजूच्या तारा नखाने छेडा. फिक्सीच्या मागच्या चाकात दोन्ही बाजूंचा सूर एकच यायला हवा; एखादी बेसूर असेल तर ती शोधायला डोळ्यांपेक्षा कान बरे.

तारांची लांबी कशी काढलीत ते तुम्ही लिहिलं नाही, म्हणून माझी एक फजिती सांगते. स्वतःसाठी भरलेल्या एका हलक्या चाकाला मी अ‍ॅल्युमिनियमचे निपल वापरले. पितळी ग्रॅमभराचा असतो, हा त्याच्या तिसऱ्या हिश्शाचा. बत्तीस निपलांत वीसेक ग्रॅम वाचतात. रिमचा आतला व्यास मात्र मोजला नाही, छापील आकड्यावर विसंबले. तारा दोन मिलिमीटर आखूड निघाल्या. चाक बसलं, सरळ झालं, मी खूश. तीन महिन्यांनी मध्यरात्री सायकल कोपऱ्यात उभी असताना टण्ण असा आवाज आला. सकाळी पाहिलं तर एका निपलचं डोकं तुटून रिमच्या आत खडखडत होतं. आठवड्यात दुसरं गेलं, मग तिसरं. तार निपलच्या डोक्यापर्यंत पोहोचत नसेल तर सगळा ताण निपलच्या मानेवर येतो, आणि अ‍ॅल्युमिनियमला तो झेपत नाही. पितळ बिचारं सहन करतं. बत्तीसच्या बत्तीस तारा काढून नव्या भरल्या. त्या वीस ग्रॅमची किंमत मला चांगली पाठ आहे.

म्हणून रिम हातात आल्यावरच मोजा. दोन जुन्या तारा कापून बरोबर २०० मिलिमीटरच्या करा, निपल लावा, तारेचं टोक निपलच्या खाचेच्या तळाशी येईल इतके फिरवा. समोरासमोरच्या भोकांतून आत ओढा, दोन टोकांमधलं अंतर मोजा, त्यात ४०० मिळवा. तीन ठिकाणी मोजून सरासरी घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : पुढच्या चाकाच्या तारा न ओलांडता सरळ किरणांसारख्या भरल्या तर वजन किती वाचेल? मागेही तशा चालतील का?

उत्तर : ३२ बारीक तारांवर सात-आठ ग्रॅम. दिसायला सुंदर दिसतं, तेवढ्यासाठी करायचं तर करा, पण हब बनवणाऱ्याने परवानगी दिली असेल तरच. सरळ तारा हबची कड बाहेरच्या बाजूला ओढतात, आणि काही हबांच्या कडा भोकापाशी चिरतात. मागे मुळीच नाही. साखळीने हब फिरवला तर तो रिमला तारांच्या तिरकेपणातूनच ओढून नेतो. सरळ तारांना तिरकेपणा नाही. मागे ३२ तारांना तीन ओलांड, म्हणजे प्रत्येक तार दुसऱ्या तीन तारांना ओलांडते; २८ ना दोन किंवा तीन.

प्रश्न : घरात जुन्या रोड सायकलचं हलकं चाक पडून आहे. फ्रीव्हील (पाय थांबवले तरी चाक फिरू देणारं मागचं दातेरी चक्र) काढलं तर फिक्सीचा कॉग, म्हणजे मागची दात्यांची चकती, त्याच आट्यांवर छान बसतो. वरून बॉटम ब्रॅकेटची (पेडलच्या आसाच्या बेअरिंगची) लॉकरिंग, म्हणजे अडवून धरणारी आट्यांची कडी, आवळली आणि आट्यांना गोंद लावला तर नवा हब वाचेल ना?

उत्तर : बसतो, कारण आटे सारखेच असतात, १.३७ इंच व्यास आणि इंचात २४. आणि नेमकी हीच गोष्ट लोकांना फसवते. ट्रॅकच्या हबला कॉगच्या बाहेर आणखी एक बारीक पायरी असते, १.२९ इंचाची, आणि तिचे आटे उलटे असतात. तुम्ही उलट जोर लावला की कॉग सुटायच्या दिशेला वळू पाहतो. उलट्या आट्यांची लॉकरिंग त्याच दिशेला वळली तर घट्ट होते, म्हणून कॉग अडतो. तुमच्या चाकावर सगळे आटे एकाच दिशेचे आहेत. कॉग सुटायला लागला की लॉकरिंगही त्याच्याबरोबर सुटते. गोंद किती दिवस धरेल हे तुम्हाला उतारावर कळेल. या जुगाडाला इंग्रजीत आत्महत्येचं नाव पडलं आहे, ते उगाच नाही.

आणखी एक अडचण आहे. फिक्सीच्या मागच्या चिमट्यात हबला १२० मिलिमीटर जागा असते; रोडचे जुने हब बऱ्याचदा १२६ चे. त्या चाकाची रिम सरळ असेल तर ती काढून घ्या आणि ट्रॅकच्या हबवर भरा. कॉगच्या आट्यांना ग्रीस लावून साखळीच्या पान्ह्याने आवळा, एखादा चढ जोर लावून चढा, घरी येऊन लॉकरिंग पुन्हा आवळा. पहिल्या चढावर कॉग थोडा आत सरकतोच, आणि लॉकरिंग तेवढी मोकळी राहते. अ‍ॅल्युमिनियमच्या कॉगचे वीस-तीस ग्रॅम मात्र मनातून काढून टाका. दाते झरझर झिजतात.

प्रश्न : लॅटेक्सच्या ट्यूब घातल्या. रात्री भरलेली हवा सकाळी निम्मी. बदलून मागू का?

उत्तर : नका मागू. लॅटेक्समधून हवा झिरपतेच, तो दोष नाही. रोज निघण्याआधी पंप मारायची तयारी असेल तर ठेवा, नाहीतर पातळ ब्यूटाइल घाला.